युरोपच्या खासदारांना मकरपुऱ्यातून: धुराचा हिशोब मागताय, तर पुरता मागा

प्रति,
युरोपियन संसदेचे सन्माननीय सभासद,
ब्रसेल्स व स्ट्रासबर्ग

सप्रेम नमस्कार विनंती विशेष,

तुम्ही 2023 साली मंजूर केलेला कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझम, म्हणजे युरोपात येणाऱ्या पोलादासारख्या मालावर, तो बनवताना निघालेल्या कार्बनच्या हिशोबाने बसणारा आकार, ज्याला आता आमच्या इथला टेम्पोवालासुद्धा ‘सीबॅम’ म्हणतो, 1 जानेवारी 2026 पासून पुरता लागू झाला. हे पत्र त्याबद्दल आहे. मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत, फ्लँज बनवतो. फ्लँज म्हणजे दोन पाइप जोडणारी, कडेने भोकं पाडलेली पोलादी चकती. तुमच्या रिफायनऱ्यांत, केमिकल कारखान्यांत, जहाजांत ती लाखांनी बसवलेली असते आणि गळती होईपर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही.

भाच्याने केलेली इंग्रजी प्रत तुम्हाला वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहितोय ते आमच्या माणसांनीही वाचावं म्हणून. पुणे, नाशिक, संभाजीनगरचे नट-बोल्टवाले आणि फोर्जिंगवाले याच रांगेत उभे आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना अजून वाटतंय की ही भानगड फक्त टाटा-जिंदलची आहे.

माझा कारखाना म्हणजे एक शेड, चार सीएनसी, दोन जुन्या लेथ, ड्रिलिंगची मशीनं, गॅसवरची एक भट्टी आणि पंचवीसेक माणसं. निम्मी दाहोद-पंचमहालकडची, काही बिहारची, दोघं-तिघं आमच्या दांडिया बाजारातली मराठी. आजोबा कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ते काढलं, तेव्हा हेतू सरळ होता: विलायतेत जी यंत्रविद्या आहे ती इथे आणायची आणि कारागिरांच्या पोरांना शिकवायची. तीच विद्या पुढे वडिलांच्या लेथवर आली आणि आता माझ्या सीएनसीवर आहे.

आमचा निम्म्याहून जास्त माल युरोपात जातो. जर्मनीतला एक व्यापारी आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. गेल्या दिवाळीनंतर त्याने पुढच्या वर्षाची ऑर्डर अर्ध्यावर आणली. भावाची तक्रार नव्हती, मालाचीही नव्हती. त्याने पाठवलेल्या फॉर्मच्या एका रकान्यात माझ्याकडून आकडा गेला नव्हता. त्याला मी दोष देत नाही. आकडा नसला की दंड त्याच्या डोक्यावर बसतो.

तो रकाना काय आहे ते सांगतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी तो कधी भरलेला नसणार. एक टन फ्लँज बनवताना किती टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, असं त्यात विचारलेलं असतं. माझ्या शेडपुरता हिशोब मी देऊ शकतो. नॉर्मलायझिंगची, म्हणजे पोलाद तापवून सावकाश थंड करायची, भट्टी पाइपच्या गॅसवर चालते, मीटर आहे, बिल आहे. भट्टीवरचे काका रोज सकाळी मीटरचा आकडा खडूने पत्र्याच्या दारावर लिहायचे. आता वहीत लिहितात, खाली सही करतात आणि सही करताना माझ्याकडे असं बघतात की जणू मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतलाय. मीटर एक, आणि भट्टीत एकाच वेळी तुमचा माल, हजिऱ्याला जाणारा माल आणि वाघोडियाच्या कुणाचं तरी जॉबवर्क. मग गॅस वजनाप्रमाणे वाटून टाकतो. ठीक आहे, तेवढं जमलं.

पण हा सगळा गॅस मिळून त्या आकड्यातला किरकोळ हिस्सा. खरा धूर पोलादात आहे आणि पोलाद मी बनवत नाही. फोर्जिंग येतं एका जॉबवाल्याकडून, त्याला राउंड बार देतो व्यापारी, व्यापाऱ्याला देते मिल. मिलच्या इंडक्शन भट्टीत भंगार किती आणि ओडिशा-छत्तीसगडचं स्पंज आयर्न (खनिजातून कोळशावर काढलेलं कच्चं लोखंड) किती, ते त्या आठवड्याच्या भावावर ठरतं. बारवर हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक, मारलेला असतो. त्या नंबरावरून कार्बन, मँगनीज, सल्फर, ताकद, सगळं मी तुम्हाला काढून देतो, टेस्ट सर्टिफिकेट असतं. त्या हीटसाठी कोळसा किती जळला, हे त्या कागदावर नसतं. मिलला फोन केला की समोरून प्रश्न येतो, “साहेब, महिन्याला माल किती उचलता?” मी सांगतो, आणि बोलणं तिथेच संपतं.

खरा आकडा मिळाला नाही की तुमचा कायदा ठरावीक आकडा धरतो. तो चढा ठेवलेला आहे आणि त्यावर 2028 पर्यंत दरवर्षी वाढणारी टक्केवारी आहे. परिणाम असा, की ज्याने भंगारातून वितळवलेलं पोलाद वापरलं आणि ज्याने कोळशावरच्या स्पंज आयर्नचं वापरलं, त्या दोघांना एकच माप. हा कायदा स्वच्छ माल बनवणाऱ्याला बक्षीस देण्यासाठी केला, असं तुम्ही सांगता. माझ्या साखळीत बक्षीस मिळतं ते कागद ठेवणाऱ्याला.

आता पैशांचं बोलू. एक टन फ्लँजला सव्वा टन तरी पोलाद लागतं, बाकीचं टर्निंगमध्ये भंगार होऊन निघतं आणि त्या भंगाराचा धूरही माझ्याच नावावर पडतो. भारतात एक टन पोलादामागे साधारण अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे फ्लँजच्या टनाला तीन टनांच्या वर. तुमच्या बाजारात कार्बनच्या टनाचा भाव 75 युरोंच्या आसपास धरला आणि युरो शंभर रुपयांना धरला, तर किलोमागे बावीस-तेवीस रुपये होतात. मला किलोमागे सहा-सात रुपये सुटतात, तेही रिजेक्शन आलं नाही तर. कायद्याने पैसे तिकडच्या आयातदाराने भरायचे आहेत, हे मला माहीत आहे. ते कुणाच्या बिलातून कापले जाणार, हेही माहीत आहे.

पूर्ण भार 2034 ला येणार, तोवर हळूहळू चढणार, असं तुमचे अधिकारी सांगतात. खरं आहे. 2026 ला 2.5 टक्के, 2030 ला 48.5 टक्के. पण ही सवलत तुम्ही ठरवलेल्या बेंचमार्कपुरतीच, म्हणजे टनामागे धुराच्या ठरवून दिलेल्या मापापुरतीच, आहे. त्याच्या वरचा सगळा धूर पहिल्या वर्षापासून पुरा मोजला जातो. बेंचमार्क बेतले गेले युरोपातल्या कारखान्यांवरून. आमच्याकडचा बहुतेक माल त्याच्या वरच असणार, मग हळूहळू कसलं?

तुमच्या बाजूचंही मान्य करतो. भारतातलं पोलाद जगाच्या सरासरीपेक्षा जास्त धूर काढतं. जगाची सरासरी 1.9 टनांच्या आसपास आहे. आमच्याच पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये ‘ग्रीन स्टील’ची व्याख्या केली, तिची वरची हद्द 2.2 टन ठेवली, म्हणजे सरासरी मालही त्यात बसत नाही. पोलादासाठी तुम्ही विजेचा धूर करात धरला नाही, हाही आमचा फायदाच, नाहीतर कोळशावरची वीज आमच्या मानगुटीवर बसली असती. (मी मात्र शेडवर सोलर बसवून बसलोय, तुमच्या हिशोबात त्याचा उपयोग शून्य.) आणि हवामान बदललंय हे मला कुणी पटवून द्यायला नको. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री शहरात शिरली, मगरी रस्त्यांवर आल्या, आमच्या माणसांच्या खोल्यांत छातीएवढं पाणी होतं. गाद्या, गॅसची शेगडी, पोरांची दप्तरं, सगळं गेलं. त्या पाण्याचा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये आहे?

म्हणून माझं म्हणणं धूर मोजू नका असं नाही. मोजता तर सगळा मोजा, आणि मोजण्याचा खर्च, पट्टी व गल्ला तिन्ही एकाच बाजूच्या हातात ठेवू नका.

सगळा म्हणजे कुठपासून? आमच्या शेजारी डभोई आहे. डभोई ते मियागाम ही गायकवाडांची नॅरोगेज 1862 साली सुरू झाली, तेव्हा डबे बैल ओढायचे. पुढे ग्लासगोहून इंजिनं आली. आम्ही अजून बैल जुंपत होतो त्या काळात ग्लासगो, रूर, लॉरेन इथे कोळसा किती जळत होता हे तुमच्या संग्रहालयांत लिहून ठेवलंय. आजवर माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी पाचव्या हिश्शाहून जास्त ब्रिटन धरून युरोपचा, चौथाई अमेरिकेचा, आणि भारताचा तीन-चार टक्के. आजही भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास निघतो, तुमच्याकडे त्याच्या अडीचपटीहून अधिक. वर्षाला माणशी पोलाद आम्ही 100 किलोच्या घरात वापरतो, जगाच्या सरासरीच्या निम्मं. माणशी उत्पन्नात फरक पंधरा-सोळापट आहे. घर, पूल, दवाखाने, रूळ तुमचे बांधून झाले, आमचे व्हायचेत. 1992 च्या रिओ परिषदेत जबाबदारी सगळ्यांची पण सारखी नाही, हे तुमच्याही सह्यांनी मान्य झालं होतं. सीबॅमच्या कोष्टकात ते तत्त्व मला कुठे सापडलं नाही. सर्वांत गरीब देशांनाही त्यात सूट नाही.

तुमच्या पोलाद कारखान्यांना 2005 पासून जवळजवळ सगळे कार्बन परवाने, म्हणजे धूर सोडायचे परवाने, फुकट मिळाले. बदलायला वेळ मिळाला आणि पैसाही. थिसेनक्रुपच्या ड्युइसबर्गच्या कारखान्यात कोळशाऐवजी हायड्रोजन आणायला 2023 मध्ये सुमारे 2 अब्ज युरोंची जर्मन सरकारी मदत तुमच्याच आयोगाने मंजूर केली. मला त्याचा हेवा नाही, असंच व्हायला हवं. फक्त तुमच्याकडे भट्टी बदलायला सरकार पैसे देतं आणि आमच्याकडे भट्टी बदलली नाही म्हणून तेच सरकार पैसे घेतं, याला एकच नियम सगळ्यांना असं कसं म्हणायचं? 2009 ला कोपनहेगनमध्ये गरीब देशांना 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर देण्याचं ठरलं. तो आकडा गाठायला 2022 उजाडलं, आणि त्यातला मोठा भाग कर्ज म्हणून दिलेला.

भंगाराचं तर नवलच. पोलादाचा धूर कमी करायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे भंगार वितळवणं; तुमच्याच हिशोबात भंगाराचा धूर शून्य धरतात. इंडक्शन भट्ट्या आमच्याकडे आहेत, भंगार पुरेसं नाही, कारण मोडायला जुनं पोलादच आमच्या देशात कमी. तुमच्याकडे ते ढिगांनी आहे. आणि तुमचा 2024 चा कचरा-वाहतुकीचा कायदा म्हणतो की 21 मे 2027 पासून ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाबाहेरच्या देशाला असा माल पाठवायचा, तर त्या देशाचं नाव तुमच्या यादीत हवं. एक कायदा सांगतो भंगार वापरा, दुसरा सांगतो आधी परवानगी आणा.

50 टनांच्या सवलतीबद्दल 2025 मध्ये तुमचं इथे बरंच कौतुक झालं. वर्षाला 50 टनांपेक्षा कमी माल आणणारा यातून सुटला. पण सुटला तो आयातदार. मी वर्षाला तीस टन जरी दिले, तरी माझा गिऱ्हाईक सगळीकडून मिळून हजारो टन आणतो, म्हणून माझे तीस टन अडकले. तुमचा छोटा दुकानदार तुम्हाला दिसला, आमचा छोटा कारखानदार दिसला नाही.

पडताळणीचं लवकर आवरतो. आकडे तपासणारा माणूस तुमच्या सदस्यदेशांतल्या संस्थेने मान्यता दिलेला हवा. तो येणार, हॉटेलात राहणार, भट्टीची वही बघणार आणि त्याचं बिल मी भरणार. पाचशे माणसांच्या कारखान्याला ते झेपतं.

27 जानेवारी 2026 ला दिल्लीत भारत आणि युरोपियन संघ यांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. तुमच्या मोटारींवरची आमची जकात टप्प्याटप्प्याने खाली येणार. सीबॅममधून सूट मात्र आम्हाला मिळालेली नाही. दारातली जकात काढली आणि उंबरठ्यावर दुसरी बसवली, तर माझ्या फ्लँजला दोन्ही सारख्याच.

तर मागण्या.

पहिली: सूट उत्पादकाच्या मापानेही द्या. सगळ्या युरोपात मिळून वर्षाला 1000 टनांपेक्षा कमी माल पाठवणाऱ्या कारखान्याला निदान 2030 पर्यंत यातून बाहेर ठेवा. एवढ्या मालाने पृथ्वीचं काही बिघडत नाही, आमचं बिघडतं.

दुसरी: तपासणी संस्थांना मान्यता देणाऱ्या भारतातल्या एनएबीसीबी या मंडळाने मान्यता दिलेल्या तपासनिसांचा शिक्का चालवून घ्या. आमचे बॉयलर, आमचं वेल्डिंग, आमचे आयएसओ असे शिक्के तुमचे खरेदीदार वर्षानुवर्षं मानत आले आहेत.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी: जमा झालेला पैसा ज्या देशाच्या मालावर घेतला त्या देशाकडे भट्ट्या बदलायला परत पाठवा, कर्ज म्हणून नव्हे. तुमच्या आयोगाचा प्रस्ताव आहे की यातले 75 टक्के युरोपियन संघाच्या तिजोरीत जावेत. हवामानासाठी घेतलेला पैसा तुमच्या अंदाजपत्रकाची भोकं बुजवायला गेला, तर त्याला जकात म्हणावं लागेल, आणि जकात म्हणून त्याची चर्चा जागतिक व्यापार संघटनेत व्हावी.

चौथी: सीबॅम लावलेल्या प्रत्येक देशाचं नाव भंगाराच्या यादीत आपोआप घाला.

पाचवी: मिलकडून आकडा मिळत नसेल, तर देशाचा ठरावीक आकडा भंगारवाल्या भट्टीचा वेगळा आणि स्पंज आयर्नवाल्या भट्टीचा वेगळा धरा, आणि वरची टक्केवारी काढा. ती टक्केवारी मला मिलच्या दारात जास्त ताकद देत नाही, नुसता दंड देते.

याच पत्रात आपल्या लोकांनाही दोन शब्द सांगतो, पाहुण्यांसमोर घरचं काढणं शोभत नसलं तरी. दिल्लीने या कायद्याला अन्याय म्हटलं, बरोबर म्हटलं. पण मिलला टेस्ट सर्टिफिकेटवरच कोळसा-वायूचा आकडा छापायला लावणं दिल्लीच्या हातात आहे, ब्रसेल्सच्या नाही. कोळशावर टनाला 400 रुपये सेस वर्षानुवर्षं घेतला गेला. तो धुरावरचा कर म्हणून नीट मांडला असता, तर आज सीबॅममधून त्याची वजावट मागता आली असती. आता तर सप्टेंबर 2025 पासून तो सेसच गेला. कार्बन क्रेडिटची योजना 2023 मध्ये अधिसूचित झाली, ती लवकर चालू करा म्हणजे निदान पैसा देशात राहील. आणि आमच्या औद्योगिक संघटनांनी ‘सीबॅम जागृती’चे चहा-बिस्किटांचे सेमिनार थांबवून मकरपुरा, पोर, वाघोडिया, सावली मिळून एक सामायिक कचेरी काढावी, जिथे दोन शिकलेली मुलं सगळ्यांचे फॉर्म भरतील. सल्लागार एका फॉर्मचे जे मागतात त्यात त्या मुलांचा पगार निघेल.

सभासदहो, सीबॅमचे पैसे भरण्यासाठी आयातदाराने घ्यायच्या सर्टिफिकेटांची विक्री तुमच्याकडे फेब्रुवारी 2027 मध्ये सुरू होणार आहे. बदल करायचे तर त्याआधी, एकदा पैसा यायला लागला की कुठलंही सरकार तो सोडत नाही, आमचंही नाही. ब्रिटनचा असाच कर 1 जानेवारी 2027 पासून येतोय, तेही तुमच्याकडे बघूनच लिहिणार. हे पत्र तुमच्या व्यापार आणि पर्यावरण समित्यांसमोर ठेवावं आणि पाचही मागण्यांना वेगवेगळं, लेखी उत्तर द्यावं, ही विनंती. नाही म्हणायचं असेल तर का नाही ते लिहावं. गॅसची बिलं, हीट नंबर, सर्टिफिकेटं आणि काकांची वही बघायला कुणाला यायचं असेल, तर कारखाना सकाळी आठला उघडतो.

आपला,
एक फ्लँज उत्पादक
मकरपुरा जीआयडीसी, बडोदा